ऑनलाइन वर्ग उलटा करायचाय? एका घटकापासून सुरुवात करा

ऑनलाइन शिकवणाऱ्या प्रत्येकाला हे दृश्य तोंडपाठ असेल. पन्नास मिनिटं आपण बोलतोय आणि समोर नावं लिहिलेले काळे चौकोन. मध्येच "समजतंय का?" विचारलं की क्षणभर शांतता, मग चॅटमध्ये एक "यस सर" आणि त्याच्या मागोमाग आणखी दहा. तास संपतो, आपण निरोप घेतो, तरी पाच-सहा चौकोन जागचे हलत नाहीत. माणसं केव्हाच उठून गेलेली असतात.

मी संख्याशास्त्र शिकवतो. वर्षभर असे तास घेतल्यावर माझ्या लक्षात आलं, की थेट तासात मी जे करतोय ते सगळं रेकॉर्ड करून देण्यासारखं आहे, आणि जे रेकॉर्ड करता येत नाही ते मी करतच नाहीये. मुलं कुठे चुकतात, का चुकतात, एकमेकांना कसं समजावतात, यातलं काहीच मला दिसत नव्हतं. फ्लिप्ड क्लासरूम म्हणजे या दोन गोष्टींची अदलाबदल. ऐकण्या-वाचण्याचा भाग विद्यार्थी आधी आपापल्या सवडीने उरकतात. सगळे एकत्र असतात तो वेळ गणितं सोडवायला, वाद घालायला आणि चुकायला राखून ठेवायचा.

कल्पना काही आजची नाही. "कविता वाचून या, तासाला तिच्यावर बोलू" असं साहित्याचे प्राध्यापक पूर्वीपासून सांगत आलेत. हार्वर्डमध्ये भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या एरिक मझुर यांनी १९९०च्या दशकाच्या सुरुवातीलाच वर्गात प्रश्न टाकून मुलांना शेजाऱ्याशी वाद घालायला लावलं होतं. २००० साली ओहायोतल्या मायामी विद्यापीठातल्या लेज, प्लॅट आणि ट्रेग्लिया यांनी अर्थशास्त्राचा वर्ग असा उलटा करून त्यावर लेख लिहिला. ही पद्धत घरोघरी पोहोचली ती मात्र जोनाथन बर्गमन आणि आरन सॅम्स या कोलोरॅडोतल्या रसायनशास्त्राच्या दोन शाळाशिक्षकांमुळे. २००७च्या सुमारास ते गैरहजर मुलांसाठी तास रेकॉर्ड करायला लागले. मग प्रश्न पडला, की सांगायचं ते सगळं व्हिडिओत आलंच असेल, तर हजर असलेल्या मुलांच्या वेळेचं काय करायचं? हाच प्रश्न महत्त्वाचा आहे. व्हिडिओ कसा बनवायचा हा त्यामानाने किरकोळ मामला आहे, पण नव्याने सुरू करणारे बहुतेक जण नेमके तिथेच अडकतात. मीही अडकलो होतो.

एकच घटक निवडा

आख्खा अभ्यासक्रम उलटा करायच्या भानगडीत पडू नका. पहिल्या सत्रात एक घटक, फार तर दोन. मागच्या वर्षीच्या उत्तरपत्रिका काढा आणि ज्या प्रश्नावर हुशार मुलंही ठेचकाळली आहेत तो घटक घ्या. सोपा भाग उलटा करून फायदा नाही, कारण थेट तासात करण्यासारखं काही उरतच नाही. निव्वळ माहितीचा, व्याख्यांचा, पाठांतराचा भागही सोडून द्या. आणि सत्राच्या पहिल्या आठवड्यात हा प्रयोग नको. मुलं अजून लॉगिन शोधत असतात.

आधी तासाचा प्रश्न लिहा, मग व्हिडिओचा विचार करा

ही पायरी बहुतेक जण उलट्या क्रमाने करतात. आधी हौसेने व्हिडिओ बनतो आणि आदल्या रात्री प्रश्न पडतो, "आता उद्या तासाला काय करू?" त्यापेक्षा तासाला मुलं कशावर डोकं खाजवणार, ते आधी ठरवा.

माझं उदाहरण सांगतो. घटक होता सशर्त संभाव्यता. प्रश्न जुनाच आहे, पण दर वर्षी तितकाच चालतो. एक आजार हजारात एकाला होतो. त्याची चाचणी आजारी माणसाला कधीच निसटू देत नाही, पण निरोगी माणसांपैकी ५ टक्क्यांना चुकून 'आजारी' ठरवते. कुणाचीही सहज म्हणून चाचणी केली आणि ती पॉझिटिव्ह आली, तर त्या माणसाला खरोखर आजार असण्याची शक्यता किती?

बहुतेकांचं पहिलं उत्तर ९५ टक्के असतं. खरं उत्तर साधारण २ टक्के. हजार माणसं घ्या. आजारी एक, तो पॉझिटिव्ह येणारच. उरलेल्या ९९९ निरोगी माणसांपैकी ५ टक्के म्हणजे जवळपास ५० जण चुकून पॉझिटिव्ह येतात. एकूण ५१ पॉझिटिव्ह, त्यातला खरा एक.

आता हा प्रश्न समोर ठेवून मागे या. तो हाताळायला मुलांना काय काय लागेल? "अमुक घडलंय हे माहीत असताना तमुक घडण्याची शक्यता" म्हणजे काय, हे कळायला हवं, आणि टक्केवारीचे प्रत्यक्ष आकडे करता यायला हवेत. बस. अशा शक्यता काढायचं बेझचं सूत्रही लागत नाही, ते तासानंतर दिलं तरी चालतं. म्हणजे दोन छोटे व्हिडिओ पुरले. हा प्रश्न आधी लिहिला नसता, तर मी सूत्राची सिद्धता, तिचा इतिहास आणि चार उदाहरणं असा पाऊण तासाचा व्हिडिओ केला असता.

खरं तर पहिल्या वर्षी केलाच होता. जुन्या तासाचं रेकॉर्डिंग जसंच्या तसं चढवलं आणि "पाहून या" म्हटलं. किती जणांनी किती पाहिलं याची नोंद उघडली, तर बहुतेकांची गाडी पहिल्या काही मिनिटांतच थांबलेली.

व्हिडिओ: छोटा, साधा, ऐकू येणारा

२०१४ साली फिलिप गुओ, जुहो किम आणि रॉब रुबिन यांनी एडएक्स या ऑनलाइन शिक्षणाच्या व्यासपीठावरच्या अभ्यासक्रमांमधल्या ६९ लाख व्हिडिओ-बैठकांची नोंद तपासली. व्हिडिओ कितीही लांब असला, तरी लोक सर्वसाधारणपणे ६ मिनिटांपर्यंतच टिकत होते. म्हणून एका व्हिडिओत एकच मुद्दा ठेवा आणि ६ ते ८ मिनिटांत थांबा. त्याच अभ्यासात असंही दिसलं, की स्टुडिओतल्या गुळगुळीत चित्रणापेक्षा माणूस समोर बसून बोलतोय असं वाटणारे व्हिडिओ जास्त पाहिले जात. बोलता बोलता हाताने लिहिलेलं मुलांना तयार स्लाइडपेक्षा धरून ठेवत होतं. म्हणजे कॅमेरा-दिव्यांवर खर्च करायचं कारण नाही. पडदा रेकॉर्ड करणारं ओबीएस स्टुडिओसारखं फुकट सॉफ्टवेअर, लिहायला टॅब्लेट किंवा कागदावर रोखलेला मोबाइल, आणि तोंडाजवळचा बरा माइक. चित्र जरा धूसर चालतं. आवाज घुमला, की मुलं बंद करून मोकळी होतात.

बोलताना "कालच्या तासात आपण पाहिलं" किंवा "पुढच्या सोमवारी चाचणी आहे" असं काही येऊ देऊ नका. पुढच्या वर्षी त्या एका वाक्यापायी आख्खा व्हिडिओ परत करावा लागतो. अडखळलात तर दोन सेकंद थांबा आणि तेच वाक्य पुन्हा म्हणा, मधला तुकडा नंतर काढता येतो. बिनचूक करण्याच्या नादात एकेक व्हिडिओ सातव्यांदा रेकॉर्ड करणारे सहकारी मी पाहिलेत. त्यांचा उत्साह तिसऱ्या आठवड्यापर्यंत टिकत नाही.

दुसऱ्या कुणाचा चांगला व्हिडिओ असेल तर बेलाशक वापरा, फक्त कोणत्या मिनिटापासून कोणत्या मिनिटापर्यंत पाहायचा ते सांगा. कधी कधी व्हिडिओपेक्षा दोन पानांचं वाचनच बरं पडतं. ज्यांचं नेट रखडतं, जे फोनवरूनच शिकतात किंवा ज्यांना ऐकू कमी येतं, त्यांच्यासाठी प्रत्येक व्हिडिओसोबत त्याचा मजकूर आणि सबटायटल्स ठेवा.

आणि वेळेचा हिशेब मांडा. पूर्वतयारीला अर्धा तास लावणार असाल, तर जुन्या स्वाध्यायातला तेवढाच भाग कमी करा. जुनं सगळं तसंच ठेवून वर व्हिडिओ लादले, तर मुलांच्या लेखी वर्ग उलटा झालेला नसतो, अभ्यास तेवढा दुप्पट झालेला असतो. त्यांची तक्रार मग अगदी रास्त असते.

तासाआधीचे तीन प्रश्न

माझ्या मते या पद्धतीचा सगळा भार व्हिडिओ आणि तास यांना जोडणाऱ्या या पुलावर आहे. व्हिडिओनंतर तीन छोटे प्रश्न द्या आणि मुदत तासाच्या आदल्या रात्रीची ठेवा. मूडल असो, गूगल क्लासरूम असो की साधा फॉर्म, कुठेही चालेल. दोन प्रश्न व्हिडिओतल्या मजकुरावर, पण व्याख्या विचारणारे नकोत, छोटं उदाहरण सोडवायला लावणारे हवेत. तिसरा प्रश्न कुठे अडलं त्याचा.

हा तिसरा प्रश्न कसा विचारता याला फार महत्त्व आहे. मी आधी "काही शंका?" असं लिहायचो. साठ मुलांकडून साठ वेळा "नाही सर". मग शब्द बदलले: "या व्हिडिओतली कोणती गोष्ट मित्राला समजावून सांगायला तुम्हाला जड जाईल?" आता उत्तरं यायला लागली. शंका कबूल करणं म्हणजे कमीपणा, मित्राला सांगता न येणं हे मात्र कुणाचंही होऊ शकतं. एका मुलीने लिहिलं, "आजारी असताना पॉझिटिव्ह येणं आणि पॉझिटिव्ह असताना आजारी असणं, हे दोन्ही मला एकच वाटतंय." त्या एका वाक्यावर माझा निम्मा तास उभा राहिला.

सकाळी वीस-पंचवीस मिनिटं काढून ही उत्तरं वाचा. सगळी तपासायची नाहीत, नजर फिरवायची आणि कुठे गर्दी जमली आहे ते पाहायचं. भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या ग्रेगर नोव्हॅक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९०च्या दशकात हीच रीत रुजवली. आदल्या रात्रीच्या उत्तरांवरून दुसऱ्या दिवशीचा तास बेतायचा.

गुण थोडे, पण ठेवाच. माझ्याकडे एकूण गुणांपैकी ५ टक्के या प्रश्नांना असतात, आणि ते प्रामाणिक प्रयत्नासाठी, बरोबर उत्तरासाठी नाहीत. बरोबर उत्तराला गुण ठेवले, की रात्री अकराला मुलांच्या ग्रुपवर उत्तरं फिरतात आणि सकाळी तुमच्यासमोर गोंधळाचं चित्र येण्याऐवजी एकाच मुलाचं उत्तर साठ नावांनी येतं.

थेट तास

पहिला नियम, आणि तो मोडावासा वाटेलच: व्हिडिओ पुन्हा शिकवायचा नाही.

मी मोडला होता. निम्म्या वर्गाने काही पाहिलं नाही हे दिसलं, की जीव राहवेना. "चला, पटकन उजळणी करू" म्हणत पंधरा-वीस मिनिटं तेच सांगायचो. तिसऱ्या आठवड्यात, आधी पाहून येणाऱ्यांनीही पाहणं सोडलं. त्यांचं गणित चोख होतं. सर परत सांगणारच आहेत, तर रात्री जागायचं कशाला?

आता मी न पाहता आलेल्यांना सुरुवातीची दहा मिनिटं वेगळ्या ब्रेकआउट रूममध्ये, म्हणजे त्याच ऑनलाइन वर्गातल्या वेगळ्या छोट्या खोलीत पाठवतो. तिथे व्हिडिओची लिंक असते. पाहा आणि परत या. रागावणं नाही, टोमणा नाही. बाकीचे तोवर पुढे निघालेले असतात.

आजाराच्या चाचणीच्या त्या प्रश्नाचा माझा तास साधारण असा जातो. पहिली पाच मिनिटं रात्रीच्या उत्तरांतली दोन-तीन पडद्यावर, नावं न दाखवता. मग प्रश्न आणि पोल. आधी प्रत्येकाने एकट्याने विचार करून मत द्यायचं, चर्चा नाही. निकाल लगेच दाखवायचा नाही, नाहीतर सगळे बहुमताच्या बाजूला सरकतात.

पुढे काय करायचं ते मझुर यांच्या ठोकताळ्यावर ठरवा. बरोबर उत्तरं ३० टक्क्यांहून कमी असतील तर मुलांना आपसात सोडून उपयोग नाही, तुम्हीच थोडं सांगा किंवा प्रश्न फोडून द्या. ७० टक्क्यांहून जास्त असतील तर दोन वाक्यांत आटपून पुढे चला. मधला पट्टा सोन्याचा. तिथे समजलेली आणि न समजलेली मुलं पुरेशा संख्येने असतात, त्यांना एकमेकांसमोर बसवा. माझा हा प्रश्न पहिल्या फेरीत दर वर्षी तिशीच्या खालीच राहतो. म्हणून मी इशारा म्हणून एवढंच म्हणतो, "टक्के विसरा, माणसं मोजा," आणि पुन्हा मत घेतो. मग रूम उघडतो.

ब्रेकआउट रूममध्ये तीन-चार जण ठेवा. दोघांत एक गप्प बसला की खेळ संपतो, सहा जणांत चार जण प्रेक्षक होतात. काम काय, ते रूम उघडायच्या आधी लिहून द्या, कारण आत गेल्यावर तुमचा पडदा त्यांना दिसत नाही आणि "सर, करायचं काय आहे?" हाच पहिला प्रश्न प्रत्येक खोलीत ऐकू येतो. सगळ्या गटांसाठी एकच सामायिक दस्तऐवज ठेवा, प्रत्येक गटाला एक पान. लिहिणारा कोण, तेही ठरवून टाका. ज्याचं नाव वर्णक्रमात पहिलं तो लिहील, असलं काहीतरी. वेळ सात-आठ मिनिटं, त्याहून जास्त दिली की गप्पा सुरू. दस्तऐवज तुमच्यासमोर उघडा असतो, कोणतं पान कोरं आहे ते दिसतं, त्याच खोलीत जा.

एकदा अशाच कोऱ्या पानाच्या खोलीत शिरलो. एक जण ठासून सांगत होता, "अरे चाचणी ९५ टक्के बरोबर आहे ना, मग ९५च." दुसरी म्हणाली, "थांब. हजार जण रांगेत उभे आहेत समज. आता सांग, पॉझिटिव्ह किती जण घरी जाणार?" तो मोजायला लागला, पन्नासवर आला आणि थबकला. "म्हणजे यातले पन्नास उगाच घाबरणार?" मी माइक न उघडता बाहेर आलो. हे वाक्य माझ्या कुठल्याच व्हिडिओत नव्हतं.

परत मुख्य वर्गात आल्यावर पुन्हा पोल घ्या, दोन्ही निकाल शेजारी शेजारी दाखवा आणि मत कशामुळे बदललं ते दोघा-तिघांना सांगायला लावा. प्रश्न विचारल्यावर थांबायला शिका. अमेरिकी शिक्षण-संशोधक मेरी बड रो यांनी १९७०च्या दशकात शाळांमधल्या वर्गांवर केलेला अभ्यास प्रसिद्ध आहे. शिक्षक प्रश्न विचारून जेमतेम एक सेकंद थांबत. ते थांबणं तीन सेकंदांवर गेलं, की उत्तरं लांब आणि विचारपूर्वक यायची. ऑनलाइनमध्ये माइक उघडण्यातच दोन सेकंद जातात, तेव्हा मनातल्या मनात दहा मोजा. बोलायला लाजणाऱ्यांसाठी चॅटची एक युक्ती आहे. सगळ्यांनी उत्तर टाइप करून ठेवायचं, एंटर दाबायचा नाही, मी "आता" म्हटलं की सगळ्यांनी एकदम. पहिल्याचं उत्तर पाहून बाकीच्यांनी गिरवण्याचा प्रकार थांबतो.

वर्ग दोनशेचा असेल तर एकट्याने पन्नास खोल्या सांभाळणं अशक्य आहे. पोल आणि हे एकदम येणारं चॅट यांवर भागवा, तेवढंही पुष्कळ आहे. नोकरी सांभाळून शिकणाऱ्या किंवा तासाच्या वेळी नेट न मिळणाऱ्या मुलांना तोच प्रश्न चर्चामंचावर द्या. दोन दिवसांत स्वतःचं उत्तर आणि दुसऱ्या एकाच्या उत्तरावर प्रतिक्रिया मागा.

"सर शिकवतच नाहीत"

ही तक्रार येणार. आली की हादरून जुन्या पद्धतीवर पळू नका. २०१९ साली लुई देलोरिये आणि सहकाऱ्यांनी हार्वर्डमधल्या भौतिकशास्त्राच्या वर्गांवरचा एक प्रयोग प्रसिद्ध केला. स्वतः खटपट करत शिकलेल्या मुलांचे चाचणीतले गुण सरस होते, तरी आपण कमी शिकलो असं त्यांनाच वाटत होतं. अस्खलित व्याख्यान ऐकलं की सगळं समजल्यासारखं वाटतं. स्वतः अडखळत सोडवताना आपलं अज्ञान उघडं पडतं, आणि ते कुणाला आवडतं? हा निष्कर्ष मी पहिल्याच तासाला मुलांना आलेख काढून दाखवतो. तक्रारी थांबत नाहीत, पण त्यांचा सूर बदलतो.

वरिष्ठांना पटवायचं असेल तर स्कॉट फ्रीमन आणि सहकाऱ्यांचं २०१४चं काम सांगा. विज्ञान, अभियांत्रिकी आणि गणिताच्या वर्गांवरच्या २२५ अभ्यासांचा एकत्र विचार केला, तर निव्वळ व्याख्यानाच्या वर्गात सरासरी ३३.८ टक्के विद्यार्थी नापास होत, आणि वर्गात काही करायला लावलं की २१.८ टक्के. मात्र हे आकडे कृतियुक्त शिक्षणाचे आहेत, व्हिडिओंचे नाहीत. व्हिडिओ दिले आणि तासाला परत व्याख्यानच झोडलं, तर या आकड्यांचा हवाला देऊ नका.

तासानंतर

तास संपल्या संपल्या दहा मिनिटं बसून चार ओळी लिहा. कोणता प्रश्न फसला, कुठे वेळ कमी पडला, कोणत्या चुकीची आपल्याला कल्पनाच नव्हती. पुढच्या वर्षी सगळे व्हिडिओ नव्याने करू नका, या नोंदींत ज्यांची नावं आहेत तेवढेच करा. माझ्या पहिल्या घटकाच्या दोन व्हिडिओंपैकी एक बदलला, दुसरा अजून तोच आहे, अडखळलेल्या एका वाक्यासकट. थेट तासाचे बहुतेक प्रश्न मात्र दर वर्षी बदलावे लागतात, कारण जुने प्रश्न उत्तरांसह पुढच्या तुकडीकडे पोहोचलेले असतात.

आणि एखाद्या आठवड्यात वेळच मिळाला नाही, तर व्हिडिओला सुट्टी द्या. पुस्तकातली तीन पानं वाचायला सांगा, पण आदल्या रात्रीचे तीन प्रश्न चुकवू नका.